चाळीसच्या वर नको?

पाडव्याला गाडी घरी आली, चाकांखालची लिंबं फुटली, की सल्ल्यांना सुरुवात होते. वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो: पहिले हजार किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वर नेऊ नकोस, इंजिन नवं आहे. त्याच घरातल्या भाच्या-पुतण्यांचं म्हणणं बरोबर उलटं: सुरुवातीलाच ताणून घे, नाहीतर पिकअप कधी खुलणारच नाही. दोघंही ठामपणे बोलतात आणि दोघांच्या खिशात एकेक दाखला तयार असतो. कुणाची गाडी जपून चालवल्यामुळे दोन लाख किलोमीटर गेली, कुणाची ताणल्यामुळे अजून घोड्यासारखी पळते. या दाखल्यांची अडचण अशी की एक इंजिन एकदाच रुळतं. तेच इंजिन दुसऱ्या रीतीने रुळवलं असतं तर काय झालं असतं, हे कुणालाच पाहता येत नाही. म्हणून दाखले बाजूला ठेवून आत काय घडतं ते पाहिलेलं बरं. तसं पाहिलं की लक्षात येतं, दोन्ही पक्ष स्पीडोमीटरकडे बोट दाखवून भांडताहेत आणि इंजिनाला गाडीचा वेग कळतच नाही. त्याला कळतो तो भार, फेरे आणि उष्णता. नव्या इंजिनाला आरामही नको असतो आणि मारही नको असतो. त्याला हवा असतो मध्यम, पण सतत बदलता भार, तोही नीट तापल्यावर.

सिलिंडरची आतली भिंत, म्हणजे बोअर, बोटाला काचेसारखी गुळगुळीत लागते. कारखान्यात ती मुद्दाम पूर्ण गुळगुळीत ठेवलेली नसते. बोअर कापून झाला की त्यात फिरता फिरता वरखाली होणारे घासणीचे दगड घालून होनिंग करतात. त्याने भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या, बारीक रेघांची जाळी उमटते. उजेडात तिरकं धरून भिंगातून पाहिलं तर ती स्पष्ट दिसते, पण रेघांची खोली मायक्रोमीटरच्या हिशेबात मोजावी लागते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. पाट्याला टाकी का घालतात हे ज्याला माहीत आहे त्याला या जाळीचं कारण वेगळं सांगायला नको. झिजून सपाट झालेल्या पाट्यावर वाटण घसरतं, टाकवलेल्या पाट्यावर ते धरतं. इथे खाचांनी धरायचं असतं ते तेल. पण खाच पाडली की तिच्या कडेला कंगोरा येतोच, आणि टाकवलेल्या पाट्यावरचं पहिलं वाटण आपण फेकून देतो ते या कंगोऱ्यांची कच त्यात उतरते म्हणूनच. इंजिनात हे कंगोरे उतरवायचं काम पिस्टनच्या रिंगा करतात. शिवाय रिंग एका यंत्रावर बनते, बोअर दुसऱ्या. वर हेड आवळलं, इंजिन तापलं, की बोअरचा गोल अगदी किंचित बिघडतो. दोघांची खरी गाठ पडते ती चालत्या इंजिनातच. कंगोऱ्यांचे माथे सपाट व्हावेत, खालच्या खाचा मात्र शाबूत राहाव्यात आणि रिंग भिंतीला सगळीकडून सारखी टेकावी, याला रिंगा बसणं म्हणतात. रनिंग-इनचा, म्हणजे नवं इंजिन रुळवण्याचा, सगळा खटाटोप मुख्यतः एवढ्यासाठी.

आता प्रश्न असा की रिंग भिंतीवर दाबते कोण. कापलेली, स्प्रिंगसारखी फाकणारी धातूची रिंग ही जॉन रॅम्सबॉटम या इंग्लिश रेल्वे इंजिनिअरची १८५०च्या दशकातली कल्पना, वाफेच्या इंजिनासाठी केलेली. फाकण्याच्या ओढीने ती भिंतीला टेकते हे खरं, पण तो ताण किरकोळ असतो. खरा दाब येतो ज्वलनातून. ठिणगी पडली, पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटलं, की तापलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो आणि त्याच वेळी रिंग आणि तिच्या खोबणीमधल्या फटीतून रिंगच्या मागे शिरतो. मागून रेटली गेलेली रिंग भिंतीवर घट्ट बसते. गंमत अशी की ज्या वायूला अडवायचं तोच वायू दार दाबून धरतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल तर साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात ज्वलनाचा कमाल दाब वातावरणाच्या दाबाच्या साठेक पट होतो. पाय जेमतेम टेकवला असेल तर तो त्याच्या निम्म्यावरही जात नाही. म्हणजे गाडी रस्त्यावरून किती वेगाने जाते यापेक्षा इंजिनाकडून किती काम घेतलं जातं यावर रिंगचं बसणं ठरतं. काम फारच कमी घेतलं तर रिंग तेलाच्या थरावर नुसती तरंगत राहते. कंगोरे उतरत नाहीत, भिंतीवर जास्तीचं तेल राहतं, ते जळतं आणि त्याचा चिवट, चकचकीत लेप खाचांमध्ये भरत जातो. याला बोअर ग्लेझ होणं म्हणतात. मग पुढे कितीही जोर लावला तरी रिंगला धरायला खडबडीतपणाच उरत नाही, आणि इंजिन उघडून पुन्हा होनिंग करण्याला फारसा पर्याय राहत नाही.

मग चाळीसचा नियम आला कुठून? तो वेडगळ नव्हता, त्याच्या काळात चोख होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीच्या किंवा अँबॅसडरच्या पिढीत बोअरचं होनिंग आजच्यापेक्षा खरखरीत असे, भागांच्या मापात फरक अधिक असे आणि तेलंही आजच्या तोडीची नव्हती. घर्षण जास्त, म्हणून उष्णता जास्त. त्याहून नाजूक गोष्ट स्कूटर आणि मोटरसायकलींची. चेतक किंवा राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल हेच काय ते वंगण, आणि थंडावा फक्त हवेचा. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या बोअरपेक्षा जास्त फुगतो. नव्या, घट्ट इंजिनात सलग रेस दिली की तो भिंतीला पकडायचा आणि मागचं चाक चालत्या गाडीत अडकायचं. सुरुवातीला पेट्रोलमध्ये तेलाचं प्रमाण वाढवायला सांगत ते यासाठीच. विलायतेत तर ‘गाडी रनिंग-इनमध्ये आहे, कृपया पुढे जा’ अशा पाट्या मागच्या काचेला लावायची पद्धत होती. त्या पिढीला बसलेला धाक पिस्टन पकडण्याचा होता, आणि तो अनुभवाचा होता. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, नंतर चार चाकांबरोबर दोन चाकांचीही इंजिनं बदलत गेली. धाक मात्र तसाच पुढच्या पिढीला मिळाला.

तोच नियम आजच्या गाडीला लावला तर काय होतं ते एका उदाहरणात पाहू. पाच गिअरची छोटी हॅचबॅक ताशी ४० किलोमीटरने पाचव्या गिअरमध्ये चालली आहे. इंजिनाचे फेरे तेव्हा मिनिटाला साधारण बाराशे-तेराशे असतात. समोर उड्डाणपुलाचा चढ आला. ‘जपून चालवायची’ म्हणून चालक गिअर खाली घेत नाही, फक्त पाय दाबतो. इंजिन घरघरतं, डॅशबोर्ड थरथरतो. या क्षणी गाडीचा वेग अगदी सोवळा आहे, पण आत दाब भरपूर आणि फेरे तुटपुंजे, म्हणजे सगळ्यांत वाईट जोडी. घासणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये तेलाची फिल्म उभी राहते ती वेगामुळे. वेग कमी आणि भार जास्त झाला की ती पातळ होऊन धातूला धातू टेकू लागतो. जर्मन इंजिनिअर रिचर्ड श्ट्रिबेक याने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हे मोजून दाखवलं, आणि त्याच्या नावाचा आलेख वंगणशास्त्रात आजही शिकवला जातो. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या टर्बो पेट्रोल इंजिनात तर अशा कमी फेऱ्यांच्या, जास्त भाराच्या अवस्थेत ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. २०२०मध्ये आलेल्या ‘एपीआय एसपी’ दर्जाच्या तेलाला त्यासाठी वेगळी चाचणी पार करावी लागते. तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये, बावीसशे-तेविसशे फेऱ्यांवर चढला असता तर वेग तेवढाच राहिला असता आणि इंजिन हसत चढलं असतं. चाळीसचा आकडा या दोन प्रसंगांत फरकच करू शकत नाही.

आराम इंजिनाला मानवत नाही याचा सर्वांत स्वच्छ पुरावा विमानांच्या दुनियेत मिळतो, कारण तिथे या गोष्टी ऐकीव सल्ल्यावर सोडत नाहीत. पंख्याच्या छोट्या विमानांना इंजिनं पुरवणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या लेखी सूचनेत नवं किंवा नव्याने बांधलेलं इंजिन उड्डाणात ६५ ते ७५ टक्के शक्तीवर चालवायला सांगितलं आहे. बहुतेक मॉडेलांत पहिले ५० तास किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत साधं मिनरल तेल वापरायचं, फार घसरडं तेल नको. विमान जमिनीवर उभं ठेवून बराच वेळ इंजिन फिरवणं तिथे वर्ज्य मानतात. ज्या यंत्रावर माणसाचा जीव टांगलेला, त्याला पहिल्याच दिवसापासून पाऊण ताकदीने राबवतात ते उगाच नव्हे. डिझेल जनरेटरवाल्यांना हीच गोष्ट उलट्या बाजूने माहीत असते. सोसायटीत लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी गरजेपेक्षा मोठा जनरेटर घेतला आणि तो वर्षानुवर्षं नाममात्र भारावर चालवला, की बोअरवर लेप चढतो, सायलेन्सरमधून काळपट ओल गळायला लागते आणि तेलाचा खप वाढतो. काम न दिल्याने बिघडलेलं इंजिन पाहायचं असेल तर ते असं. पाण्याने थंड होणाऱ्या आजच्या कारमध्ये गोष्टी सहसा या थराला जात नाहीत, पण दिशा तीच आहे.

इथवर वाचून ताणणारा पक्ष खूश होईल. दाबानेच रिंगा बसतात, तर मग पहिल्या दिवशीच पूर्ण ॲक्सिलरेटर का नको? शर्यतीवाले तसंच करतात, असंही ते सांगतील. उत्तर विमानाच्याच उदाहरणात आहे: आकडा पंचाहत्तर टक्क्यांचा आहे, शंभरचा नाही. कंगोरा दाबाने उतरतो, पण प्रत्येक कंगोरा उतरताना त्या बिंदूवर उष्णता निर्माण होते. ती वाहून न्यायला उसंत मिळाली नाही तर कंगोरा उतरण्याऐवजी ओरखडा पडतो. म्हणूनच जोर थोड्या वेळापुरता आणि मध्ये सैल सोडणं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सिलिंडरमध्ये ओढ निर्माण होते, खालचं तेल थोडं वर खेचलं जातं, भिंत धुतली जाते आणि थंडही होते. शर्यतीच्या दाखल्यात तर दोन गोष्टी गाळलेल्या असतात. ती इंजिनं आधी तापवून, चाचणीच्या बाकावर भार पायरी-पायरीने वाढवत तयार करतात. फॉर्म्युला वनमध्ये तर सुरू करण्यापूर्वीच बाहेरून गरम द्रव फिरवून इंजिन उबदार करतात. आणि ती मुळात काही हजार किलोमीटरचीच धनी असतात, पंधरा वर्षं मुलांना शाळेत सोडायची त्यांच्यावर पाळी येत नाही. शिवाय गाडीत इंजिनाखेरीज इतरही भाग रुळत असतात. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीतल्या डिफरन्शियलचे तिरपे दाते एकमेकांवर घसरत फिरतात आणि सुरुवातीला चांगलेच तापतात. बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ मालिकेतल्या गाड्या ताणण्यासाठीच बनवलेल्या, पण त्यांनाही पहिल्या २००० किलोमीटरला वेगाची आणि फेऱ्यांची मर्यादा आहे. त्यानंतर खास सर्व्हिस करून इंजिनाबरोबर डिफरन्शियलचंही तेल बदलतात.

आणखी एक आक्षेप जास्त वजनदार आहे. आजचं होनिंग दोन टप्प्यांत होतं; दुसऱ्या टप्प्यात कंगोऱ्यांचे माथे कारखान्यातच सपाट केले जातात, खाचा तेवढ्या राखतात. अनेक इंजिनं तिथे इंधन न जाळता विजेच्या मोटरने फिरवून, दाब आणि कंपनं मोजून तपासली जातात. मग ग्राहकाने रुळवण्यासारखं उरतं काय? बरंचसं काम झालेलं असतं, हे मान्य करायला हवं. पहिल्या हजार किलोमीटरांतल्या चुकीची शिक्षा आज पूर्वीइतकी कडक नाही. पण उरतं ते अगदीच नगण्य नाही. रिंग आणि बोअर जोडीने घासले गेलेले नसतात. दुसरं असं की रुळणं म्हणजे फक्त झिजणं नव्हे. इंजिन ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक संयुग असतं. दाब आणि उष्णता मिळाली की घासणाऱ्या जागांवर त्याचा अतिशय पातळ संरक्षक थर बसतो. बिडाचा तवा तापत तापत तेल पिऊन काळा तुळतुळीत होतो, काहीसं तसंच. हा थर कारखान्यातून बसून येत नाही, तो चालवण्यातूनच बसतो. आणि गाडी बनवणारे स्वतः काय म्हणतात? गाडीसोबत येणारं मॅन्युअल बहुतेकजण ग्लव्हबॉक्समध्ये कोंबतात आणि विकतानाच बाहेर काढतात. सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या ९६० किलोमीटरसाठी सूचना आहेत: एकाच वेगाने लांब पल्ला धरू नका, वरच्या गिअरमध्ये हळू चालवू नका, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन निघू नका. टोयोटा आणि होंडाच्या सूचना थोड्याफार अशाच. चाळीसच्या नियमाचे पाईक ज्या दोन गोष्टी हमखास करतात, एकच वेग धरणं आणि वरच्या गिअरमध्ये रेंगाळणं, त्याच सुझुकीने स्पष्ट शब्दांत मना केल्या आहेत. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर नवी गाडी क्रूझ कंट्रोल लावून एका लयीत नेणं म्हणूनच फारसं हिताचं नाही. खंडाळा किंवा आंबोलीचा घाट, गिअर बदलत, चढावर जोर आणि उतारावर सैल, हा इंजिनाच्या दृष्टीने आदर्श अभ्यासक्रम आहे.

तेल लवकर बदलावं की नाही, यावर गॅरेजमध्ये तासन्‌तास वाद रंगतो. पाट्याच्या न्यायाने पहिलं वाटण फेकायला हवं, आणि नव्या इंजिनाच्या पहिल्या तेलाची तपासणी केली तर त्यात लोह-तांब्याचे कण नंतरच्यापेक्षा जास्त निघतातच. तरी होंडासारखी कंपनी ठरलेल्या सर्व्हिसच्या आधी तेल बदलू नका असं लेखी सांगते, आणि आज अनेक कारच्या पहिल्या मोफत सर्व्हिसमध्ये फक्त तपासणी होते, तेल राहतं. हे कंजूषपण नसावं. फिल्टर बारीक कण अडवतो, आणि होनिंग सुधारल्यामुळे कचच कमी पडते. मोटरसायकलची गोष्ट वेगळी. तिथे इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात नांदतात, तिघांचीही झीज त्यात उतरते, म्हणून पहिल्या सर्व्हिसला तेल बदलतात आणि ते बरोबरच आहे. सिंथेटिक तेलावर इंजिन रुळतच नाही, या समजुतीला मात्र आधार नाही; शेव्हरोले कॉर्व्हेट १९९०च्या दशकापासून कारखान्यातूनच सिंथेटिक तेल भरून येते. ज्याला मनाचं समाधान हवं त्याने कारचं तेल दोन हजारांवर खुशाल बदलावं, एवढंच की त्याच दर्जाचं आणि त्याच ग्रेडचं घालावं.

हजार किलोमीटर ऐकायला थोडे वाटतात. शहरात ताशी सरासरी ३० किलोमीटर धरले तर ते तेहतीस तासांचं चालवणं होतं, आणि मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर इंजिन तेवढ्यात जवळजवळ ४० लाख वेळा फिरतं. रिंगा बसायला संधी भरपूर असते. ती वाया जाते ती बहुधा गार इंजिनात. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात हलक्या पायाने निघालेलं उत्तम. दहा मिनिटं जागेवर ‘गरम करत’ ठेवलं तर दाबही नाही आणि नीट तापतही नाही. इंजिनातलं पाणी गार असल्याचं सांगणारा निळा दिवा विझला म्हणजे तेल तापलं असं नव्हे, तेल मागाहून तापतं, म्हणून जोर आणखी पाच-सात किलोमीटरनंतर. पहिल्या तीनशे किलोमीटरांत ब्रेकही पॅड आणि डिस्कची जोडी जमेपर्यंत पूर्ण पकडत नाहीत, नवे टायरही थोडे निसरडे असतात. या काळात जपायचं असेल तर ते पुढच्या गाडीपासून अंतर राखून.

रिंगा बसल्या की नाही, हे सांगणारं उपकरण बहुतेक गाड्यांत आहे: तेलाची काठी. सकाळी सपाट जागी, गार इंजिनात ती ओढावी, फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण घालून ओढावी आणि दोन खुणांच्या मध्ये तेल कुठवर आहे ते पाहावं. पहिल्या हजारात पातळी थोडी उतरली तर घाबरायचं कारण नाही. पुढच्या हजारात ती जागची हलली नाही की रिंगा बसल्या म्हणायचं. उतरतच राहिली तर वॉरंटी हातात असतानाच सर्व्हिस सेंटरमध्ये लेखी तक्रार नोंदवावी. आणि क्वचित असंही होतं की पातळी चढलेली दिसते, काठीला पेट्रोलचा वास येतो. ती गाडी कुणी ताणलेली नसते. मंडई, शाळा आणि घर एवढ्यातच ती फिरत असते, कधी पुरती तापतच नाही आणि न जळलेलं पेट्रोल भिंतीवरून तेलात उतरत राहतं. अशा गाडीला एखाद्या रविवारी खंबाटकी चढवून आणावी.